हात कुणाचे, नाव कुणाचे?

इटालियन चित्रकार आलिगिएरो बोएत्ती याच्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस भरतकाम केलेला जगाचा एक नकाशा काबूलहून आला, आणि त्यातला समुद्र गुलाबी होता. कापडावर देशांच्या सीमा आखून दिलेल्या होत्या. प्रत्येक देशाच्या हद्दीत त्या देशाचा झेंडा भरायचा, हेही ठरलेलं होतं. समुद्र निळा करायचा हे वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. पण ज्या अफगाण बायकांनी तो नकाशा भरला त्यांच्या देशाला समुद्रकिनाराच नाही. नकाशातली ती मोठी मोकळी जागा म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे निळा रंग, हा संकेत त्यांच्या रोजच्या जगण्यातला नव्हता. हाताशी गुलाबी दोरा भरपूर होता, तो त्यांनी वापरला. बोएत्तीला तो समुद्र इतका आवडला, की पुढे समुद्राचा रंग त्याने भरणाऱ्यांवरच सोपवला. त्यामुळे या मालिकेत समुद्र कधी हिरवा आहे, कधी पिवळा, कधी गुलाबी.

कलेच्या पुस्तकांत ही हकीकत बहुतेक वेळा गमतीची गोष्ट म्हणून येते. खरं तर तिच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. तो गुलाबी समुद्र कुणाचा? ज्याच्या डोक्यात नकाशाची कल्पना आली त्याचा, की ज्यांच्या बोटांनी महिनोन्महिने तो भरला त्यांचा? एकाने रेखायचं आणि दुसऱ्याने विणायचं किंवा भरायचं, ही वस्त्रकलेतली नित्याची रीत आहे. तेव्हा हा प्रश्न एका इटालियन माणसापुरता नाही. कर्म कोण करतो, हा गीतेने विचारलेलाच प्रश्न इथे सुईदोरा घेऊन समोर येतो.

बोएत्तीचा जन्म १९४० चा, तुरीन शहरातला. १९७१ मध्ये तो पहिल्यांदा अफगाणिस्तानात गेला आणि त्या देशात रमला. काबूलमध्ये गुलाम दस्तगीर या मित्राबरोबर त्याने ‘वन हॉटेल’ नावाचं छोटंसं हॉटेल काढलं, वर्षातून दोनदा तो तिथे जाऊन राहू लागला. पहिला नकाशा त्याच सुमाराचा. १९९४ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत असे सुमारे दीडशे नकाशे झाले. एकेका नकाशाला वर्ष-वर्ष लागे, मोठ्यांना त्याहून जास्त. भरणाऱ्या बहुतेक बायकांना बोएत्ती कधी भेटलाच नाही. त्या पडद्यात होत्या. आखलेलं कापड पुरुष मध्यस्थांच्या हातून घरांत जाई आणि भरून झाल्यावर त्याच वाटेने परत येई. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तिथलं काम तुटलं. लाखो माणसं सरहद्द ओलांडून पाकिस्तानात गेली. काही वर्षांनी पेशावरच्या आसपासच्या निर्वासित छावण्यांत नकाशे पुन्हा सुरू झाले. १९९० मध्ये रँडी मल्किन स्टाइनबर्गर ही अमेरिकन छायाचित्रकार तिथे गेली. ती बाई असल्यामुळे तिला आत जाता आलं, आणि बोएत्ती जे स्वतः पाहू शकत नव्हता ते तिच्या कॅमेऱ्याने टिपलं: जमिनीवर ताणलेलं कापड, त्याभोवती बसलेल्या बायका आणि मुली, झेंड्यांच्या रंगांचे दोरे.

असा नकाशा अगदी जवळ जाऊन पाहण्याची चीज आहे. लांबून सपाट वाटणारा समुद्र जवळून सपाट राहत नाही. एकाला लागून एक असे बारीक टाके एका दिशेने चाललेले असतात, मध्येच दिशा किंचित बदलते, टाक्याची लांबी बदलते. तिथे एक हात थांबून दुसरा सुरू झालेला असतो. दोऱ्याची एक लड संपून दुसरी लागली की रंगाची छटा हलते आणि पाण्यात पट्टे दिसू लागतात. नकाशाच्या कडेने अक्षरं भरलेली असतात, काही इटालियन, काही फार्सी. फार्सी मजकूर पुष्कळदा अफगाण माणसांनीच ठरवलेला असे, त्यात कधी शुभेच्छा, कधी देशाच्या हालांची गोष्ट. म्हणजे ज्यांना भाषेची आणि नावाची जागा नाही असं आपण समजतो त्यांनी कडेकडेने का होईना, ती घेतली होती.

या कामात आपण काहीच केलं नाही, असं बोएत्ती म्हणत असे. जगाचा आकार जसा आहे तसा घेतला, झेंडे त्या त्या देशांनी काढलेले, भरणं बायकांचं. एकदा कल्पना निघाली की पुढे निवडायचं काही उरत नाही, हीच त्याला या कामाची सुंदर बाजू वाटे. स्वतःच्या नावाचेही त्याने दोन भाग केले आणि ‘आलिगिएरो आणि बोएत्ती’ अशी सही करू लागला, जणू एक माणूससुद्धा एकटा कर्ता नसतो. हे ढोंग होतं असं मानायला आधार नाही. कर्तेपण सैल करण्याचा त्याचा प्रयत्न मनापासूनचा होता. तरी आज हे नकाशे लिलावांत लाखो डॉलरांना विकले जातात ते बोएत्तीचे नकाशे म्हणून. ‘मी काही केलं नाही’ म्हणणाऱ्याचं नाव राहिलं आणि ज्यांनी सगळं केलं त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीतच.

इथे गीतेकडे वळावं लागतं. अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, मग कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. कायेने, वाचेने, मनाने माणूस जे काही करतो, बरं किंवा वाईट, त्याला हे पाच लागतात. लगेच पुढे गीता म्हणते, की असं असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. भाष्यकारांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे आणि या श्लोकांची चर्चा आत्म्याच्या अकर्तेपणाकडे नेली आहे. तो मार्ग आपल्या जागी आहेच. पण हेच पाच शब्द एखाद्या भरलेल्या कापडासमोर उभं राहून आठवले तर ते फार रोखठोक वाटतात. काबूल आणि पेशावर नसते तर नकाशा नव्हता. सुई, दोरा, ताणलेलं कापड नसतं तर नव्हता. हजारो टाके घालणाऱ्या बोटांच्या हालचाली नसत्या तर नव्हता. युद्धाने काम मोडलं, माणसं उठवली, झेंडे बदलले. पहिल्या नकाशांतला सोव्हिएत संघाचा अवाढव्य लाल पसारा शेवटच्या नकाशांत उरला नाही. हे दैव. या पाचांत बोएत्ती एका जागी आहे, तीही पुरती त्याची नाही.

म्हणून गीतेचा पहिला धडा कल्पना काढणाऱ्याला आहे: तू एकटा कर्ता नाहीस. हा धडा बोएत्ती शिकला होता. पण या धड्याचं टोक नेहमी खालच्या बाजूला वळवलं जातं, आणि तिथे घोटाळा होतो. भरणाऱ्या बाईला सांगितलं जातं की तू निमित्तमात्र आहेस, कला तुझ्या हातून वाहते, नावाचा मोह कशाला. विणकराला सांगितलं जातं की तुझी परंपरा थोर आहे, ती कुणा एकाची नसते. ऐकायला हे अध्यात्म वाटतं. परिणाम मात्र एवढाच होतो, की ज्याच्याकडे आधीच नाव आहे त्याच्याकडे ते राहतं आणि ज्याच्याकडे नाही त्याला त्याग केल्याचं समाधान बहाल होतं.

जपानमध्ये या विचाराची फार सुंदर मांडणी झाली आणि तिच्यातच तिची मर्यादाही दिसली. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) या विचारवंताने साध्या, रोजच्या वापरातल्या, अनाम कारागिरांनी केलेल्या वस्तूंचं सौंदर्य जगापुढे ठेवलं. ‘मिंगेई’ म्हणजे लोककारागिरी हा शब्द त्याने आणि त्याच्या कुंभार मित्रांनी १९२५ च्या सुमारास रूढ केला. १९३६ मध्ये तोक्योत त्यासाठी संग्रहालय उभं राहिलं. यानागीच्या विचाराला बौद्ध धर्माच्या अमिताभ-भक्तीचा आधार होता. स्वतःच्या बळावर तरून जाता येत नाही, दुसऱ्याच्या, म्हणजे बुद्धाच्या बळावर विसंबावं लागतं, हे त्या पंथाचं सूत्र. त्याच न्यायाने, रोज शेकडो वाट्या करणारा अडाणी कारागीर आपल्या कौशल्यावर विसंबत नाही, परंपरेच्या बळावर विसंबतो, आणि म्हणून त्याच्या हातून ‘मी’पणाचा डाग नसलेलं सौंदर्य उतरतं, असं यानागी मानत असे. वारकरी संस्कारात वाढलेल्या माणसाला हे चटकन पटावं.

पण पुढे काय झालं ते पाहा. यानागीचा मित्र हामादा शोजी याने आपल्या भांड्यांवर शिक्का मारणं सोडलं. तरीही ती भांडी ‘हामादाची भांडी’ म्हणूनच ओळखली आणि विकली गेली. याच चळवळीतला सेरिझावा केइसुके कागदी साच्यांनी कापड रंगवत असे. ओकिनावा बेटांवरच्या ‘बिंगाता’ या रंगकामापासून त्याने खूप घेतलं. ते काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी ओकिनावाची माणसं बहुतांशी अनामच राहिली. सेरिझावाला १९५६ मध्ये जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. तो त्या सन्मानाला पूर्ण पात्र होता, त्याचे रंग आणि अक्षरं पाहिली की याबद्दल शंका उरत नाही. मुद्दा एवढाच, की नाव सोडणं हे ज्याला नाव आहे त्यालाच शक्य असतं. ज्याचं नाव कुणी कधी विचारलंच नाही त्याच्या अनामिकपणाला वैराग्य म्हणता येत नाही.

गीताही तसं म्हणत नाही. सात्त्विक कर्त्याचं लक्षण सांगताना ती ‘मी-मी’ न करणारा, धीर आणि उत्साह असलेला असं म्हणते. हे लक्षण कर्त्याने स्वतःत रुजवायचं आहे. दुसऱ्याने त्याच्या वतीने ते जाहीर करायचं नाही. आणि तिसऱ्या अध्यायात तिने एक फार कठोर शब्द वापरला आहे. ज्यांनी दिलं त्यांना परत काही न देता जो नुसता भोगतो त्याला गीता चोर म्हणते. तिथे संदर्भ देवांचा आणि यज्ञाचा आहे. पण देवांना न देणारा चोर आणि माणसांना न देणारा साव, असं काही गीतेला म्हणायचं असेल हे संभवत नाही.

अफगाण बायकांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती नजरेआड करून चालणार नाही. त्यांची नावं गॅलरीच्या पाटीवर आली नाहीत, याचा सगळा दोष बाजाराला देता येत नाही. तिथल्या समाजात बाईचं नाव चारचौघांत घेणंच अनेकांना अपमान वाटतं. लग्नपत्रिकेवर नवरीचं नाव नसतं, थडग्यावरही बाईचं नाव टाळतात, तिची ओळख अमक्याची आई किंवा तमक्याची बायको अशी. मग कुणी म्हणेल, त्या बायकांनाच नाव नको असेल. याचं उत्तर त्यांच्याच देशातल्या बायकांनी दिलं. २०१७ मध्ये ‘माझं नाव कुठे आहे?’ ही मोहीम तरुण अफगाण बायकांनी सुरू केली. नावासाठी त्यांनी शिव्या आणि धमक्या सोसल्या. २०२० मध्ये कायदा बदलला आणि ओळखपत्रावर आईचं नाव लिहायला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी तालिबान परत आले. तेव्हा अनामिकपणा हा त्या बायकांचा स्वभाव होता, असं यापुढे तरी कुणी म्हणू नये.

नावाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जुडी शिकागो या चित्रकर्तीने १९७४ ते १९७९ या काळात ‘द डिनर पार्टी’ ही रचना उभी केली. त्रिकोणी मेज, प्रत्येक बाजू ४८ फुटांची, त्यावर इतिहासातल्या आणि पुराणांतल्या ३९ स्त्रियांची ताटं मांडलेली. प्रत्येक ताटाखाली भरतकामाची एक पट्टी, त्या त्या स्त्रीच्या काळातल्या सुईकामाच्या पद्धतीने केलेली. खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावं. इतिहासाने गाळलेली नावं परत लिहिणं हेच त्या रचनेचं काम. पण ती करायला शेकडो स्वयंसेवक राबले, आणि मग टीका झाली, की स्त्रियांची नावं परत मिळवून देणाऱ्या या कामात राबणाऱ्या बायका कुठे आहेत? टीका अगदीच गैरलागू नव्हती. शिकागोने मदतनीसांची नावं आणि छायाचित्रं असलेले फलक रचनेबरोबर मांडले. नंतर १९८० ते १९८५ मध्ये ‘बर्थ प्रोजेक्ट’ या मालिकेत तिने दीडशेच्या वर सुईकाम करणाऱ्या बायकांबरोबर काम केलं. त्या आपापल्या घरी बसून भरत, आणि प्रत्येक कामाबरोबर ते भरणाऱ्या बाईचं नाव दिलं गेलं. कल्पना कुणाची, टाके कुणाचे, दोन्ही लिहिलेलं. यात कुणाचं काही कमी झालं नाही.

याच शिकागोचा पुढे मुंबईशी धागा जुळला. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत ‘डिओर’ या फॅशनघराच्या कार्यक्रमासाठी तिने देवीच्या देहाच्या आकाराचा एक प्रचंड मंडप उभारला. आत भरतकामाचे मोठे ध्वजपट लावले होते. बायकांनी जग चालवलं तर काय होईल, असा प्रश्न आणि त्याच्या पोटातले आणखी प्रश्न त्यांवर भरलेले होते. ते भरले मुंबईच्या ‘चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट’मधल्या मुलींनी आणि बायकांनी. आपल्याकडे बाजारासाठीचं आरी आणि जरदोजीचं काम मुख्यतः पुरुष कारागीर कारखान्यांत करत आले आहेत. बाईने घरी भरलं तर तो छंद आणि पुरुषाने कारखान्यात भरलं तर तो धंदा, अशी ही वाटणी. करिश्मा स्वाली यांनी चालवलेली ही शाळा बायकांनाच हे काम शिकवते. त्या ध्वजपटांच्या बातम्यांत शाळेचं नाव आलं, ही मोठीच पायरी होती. पुढची पायरी शाळेच्या नावाकडून एकेका हाताच्या नावाकडे जाणारी आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. उलट त्याचं सगळ्यात धीट उत्तर मराठीत आहे आणि ते सातशे वर्षांपूर्वीचं आहे. वारकरी परंपरेत देव भक्ताच्या कामात हात घालतो. जनीबरोबर तो जातं ओढतो, गोरोबांच्या घरी मडकी घडवतो, सावतोबांच्या मळ्यात राबतो, कबिराच्या मागावर शेले विणतो. भागीदारीची याहून मोठी कल्पना कुठल्याही कलाशाळेत कुणी केलेली नाही. आणि तिच्यात एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही. साक्षात विठ्ठलाने दळण दळलं तरी अभंगाच्या शेवटी नाव येतं ते जनीचं. ती नामदेवांच्या घरची दासी, स्वतःला दासी म्हणवणारी, तरी तिची मुद्रा तिची आहे. भागीदारांत जो सर्वांत मोठा त्याने हात दिला, आणि जी सर्वांत लहान तिचं नाव राहिलं. आजच्या कलाव्यवहारात नेमकं उलट घडतं: लहानांनी हात द्यायचे आणि मोठ्याचं नाव राहायचं. देवाला जे जमलं ते गॅलऱ्यांना आणि फॅशनघरांना जमू नये याला कारण नाही.

मात्र त्याच परंपरेत एक उणीवही आहे. नामदेव शिंपी होते. त्यांच्या हातचा एक टाका उरलेला नाही. कबीर विणकर होते. त्यांच्या मागावरचं वीतभर कापड कुठे नाही. दोघांचे शब्द शेकडो वर्षं टिकले कारण शब्दांत नाव गुंफायची सोय होती. कापड झिजतं, हे एक कारण. दुसरं असं, की शब्दाला आपण निर्मिती मानलं आणि कापडाला मजुरी. शब्दांच्या बाबतीत आपण केवढे काटेकोर आहोत! ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झाली. ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव ग्रंथातच नोंदलेलं आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती टिपून घेणारे साने गुरुजी होते, हे ‘गीता प्रवचने’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. विनोबांचं मोठेपण यामुळे तसूभरही घटलं नाही. लेखकाच्या शेजारी लेखनिकाचं नाव ठेवणारी भाषा, चित्रकाराच्या शेजारी विणकराचं नाव ठेवताना मात्र अडखळते.

तसं करण्याची उत्तम संधी मुंबईतच आली होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रं सुरू झाली. चित्रकारांनी विणकरांबरोबर बसून नवे नमुने करावेत, ही त्यामागची दृष्टी. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकार त्यात होते. आपले प्रभाकर बरवे १९६१ पासून सुमारे दोन दशकं तिथे नोकरीला होते, त्यातली सुरुवातीची वर्षं वाराणसीत. त्या काळात त्यांच्या चित्रांत तांत्रिक आकार आले, हे कलेचे अभ्यासक नेहमी सांगतात. पण रोज सकाळी कचेरीत जाऊन कापडाच्या जगात वावरणाऱ्या माणसाची अवकाशाकडे बघण्याची दृष्टी कापडानेही घडवली असणार. बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आपण वाचतो. त्या केंद्रांत त्यांच्याबरोबर मागावर बसलेल्या माणसांचं काय म्हणणं होतं, ते कुणी विचारून ठेवल्याचं दिसत नाही. चित्रकाराने विणकराला काय शिकवलं हे सांगितलं जातं. विणकराने चित्रकाराला काय शिकवलं हे सांगितलं जात नाही.

मुंबईच्याच मोनिका कोरिया यांची वाट निराळी. त्या स्वतःच मागावर बसल्या. १९६२ मध्ये अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या फिनिश-अमेरिकन विणकर बाईंकडे त्यांनी विणणं पाहिलं आणि शिकल्या, मग मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात पुढचं शिक्षण घेतलं. मागावर ताण्याचे उभे धागे ठरावीक अंतरावर राखायचं काम फणी करते. कोरिया यांनी विणता विणता ती फणीच काढून घेतली. उभे धागे सुटले, वळले, एकमेकांकडे झुकले, आणि कापडात अशा रेषा आल्या ज्या कुणी आखलेल्या नव्हत्या. आपल्या हातातलं नियंत्रण समजून उमजून थोडं सोडायचं आणि धाग्याला त्याचा वाटा द्यायचा, हे गीतेतल्या ‘करणा’ला मान देणंच आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अ‍ॅनी आल्बर्स यांनी १९६५ मध्ये ‘ऑन वीव्हिंग’ हे पुस्तक लिहिलं तेव्हा ते प्राचीन पेरूच्या विणकरांना अर्पण केलं, आपले थोर गुरू म्हणून. त्या विणकरांची नावं मिळणं आता अशक्य आहे, तरी त्यांचं ऋण लिहून ठेवणं शक्य होतं. ज्यांची नावं विचारली की मिळतात, त्यांच्या बाबतीत तर सबबच उरत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. कापड फार हातांतून जातं. सूत काढणारा, रंगवणारा, ताणा लावणारा, कांड्या भरणारी घरातली बाई, विणणारा, शेवटची गाठ मारणारी. किती नावं लिहायची? उत्तर असं, की चित्रपटाच्या शेवटी शेकडो नावं सरकतात आणि त्याने दिग्दर्शक लहान होत नाही. यादी लांबते म्हणून सत्य आखूड करायचं नसतं. दुसरा आक्षेप, नावाने पोट भरत नाही, मजुरी वाढवा. मजुरी वाढायलाच हवी. पण अनाम माणसाची मजुरी पाडणं सोपं जातं, कारण त्याच्या जागी दुसरा अनाम माणूस बसवता येतो. नाव असलेल्या हाताशी भाव करताना समोरच्याला विचार करावा लागतो. नाव आणि दाम यांची अशी फारकत होत नाही.

आणि तिसरी गोष्ट श्रद्धेची. ज्ञानेश्वरांनी आपापल्या वाट्याच्या कामालाच देवाला वाहायची फुलं म्हटलं. वाहायचं तर आधी ते आपलं असावं लागतं. विणणाऱ्याचं काम त्याचं आहे असं जगाने एकदा मान्य करावं. मग ते देवाला अर्पण करायचं, परंपरेला द्यायचं की स्वतःपाशी ठेवायचं, हे तो ठरवील. तो निर्णय त्याच्या वतीने घेण्याचा अधिकार कल्पना काढणाऱ्याला नाही, विकणाऱ्याला नाही आणि नेसणाऱ्यालाही नाही.

येवल्याला किंवा पैठणला पैठणी घ्यायला जाल तेव्हा पदरावरचे मोर पाहून झाल्यावर दुकानदाराला विचारा, ही कुणी विणली. नाव सांगता आलं तर ते बिलावर लिहून मागा. सांगता आलं नाही तर पुढच्या वेळी सांगता यावं असं म्हणा. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी चित्रकाराच्या नावाखाली विणणाऱ्याचं, भरणाऱ्याचं नाव त्याच मापाच्या अक्षरात छापावं. घरात आजीने शिवलेली गोधडी असेल तर तिच्या कोपऱ्यात आजीचं नाव धावदोऱ्याने घाला, आणि तिला कापड बेतून देणारी शेजारीण आठवत असेल तर तिचंही.